गोव्याहून शिडाच्या बोटीनं कारवार: मुक्काम कुठं आणि कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावच्या दोघा भावांची 27 फुटी शिडाची बोट गोव्यात दोना पावलाजवळ असते. आजवर मांडवी-झुआरीच्या मुखाशीच फिरवली आहे. आता डिसेंबर-जानेवारीत घरच्यांना घेऊन दोन-तीन दिवसांची सफर करायची आहे. कारवारला जावं की वेंगुर्ल्याला? कारवारात बोट कुठं उभी करायची, काळी नदीत आत शिरता येतं का, नौदलाचा त्रास होतो का आणि कागदपत्रं काय लागतात?

मीही बेळगावचाच. हा किनारा मी शिडाच्या बोटीनं बऱ्याचदा केला आहे, कारवारला तर सगळ्यात जास्त. तुम्ही कारवारलाच जा. पण घरची माणसं बोटीनं किती आणि गाडीनं किती, हे आधी ठरवा. माझा सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

कारवार की वेंगुर्ला हा प्रश्न अंतराचा नाही, वाऱ्याचा आहे. नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यावर रोजचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो. नऊ-दहाच्या सुमाराला तो मरतो, मग तास-दोन तास शीड नुसतं लोंबत राहतं. दुपारी समुद्रावरचा खारा वारा वायव्येकडून भरायला लागतो, तीन-चारला ऐन जोरात येतो आणि सूर्य बुडाला की उतरतो. म्हणजे गोव्याहून दक्षिणेला कारवारकडं जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो आणि परतताना तोच तोंडावर येतो. वेंगुर्ल्याचं बरोबर उलट: जाताना झुंज, येताना आराम.

हे काही आजचं नाही. 1665 मध्ये शिवाजी महाराज आरमार घेऊन बसरूरवर गेले. परतीला वायव्येच्या जोराच्या वाऱ्यांनी आरमाराला अडवून धरलं असं इतिहासकार लिहितात. महाराज गोकर्णाला उतरले आणि अंकोला-कारवारकडं जमिनीवरून आले. त्या काळच्या शिडांना जे सोसावं लागलं त्यातलं थोडंफार आजच्या 27 फुटी बोटीलाही सोसावं लागतं. फरक इतकाच की तुमच्याकडं इंजिन आहे.

वेंगुर्ला आपल्या बेळगावचं जुनं बंदर. रेल्वे यायच्या आधी बेळगावच्या छावणीचा आणि पेठेचा माल वेंगुर्ल्याला उतरून घाट चढून यायचा. मोरमुगावची रेल्वे 1880 च्या दशकात झाली आणि तो व्यापार तिकडं वळला. मला वेंगुर्ला फार आवडतं, पण पहिल्या सफरीला ते घेऊ नका. मोरमुगावपासून सुमारे 30 सागरी मैल सतत वाऱ्याच्या तोंडावर जायचं, बंदरासमोर आठ-नऊ मैलांवर वेंगुर्ला रॉक्सचे खडक आणि त्याच्या उत्तरेला मालवणपर्यंत खडकाळ पाणी. लहान मुलं पहिल्याच दुपारी लाटांनी हैराण झाली तर पुन्हा बोटीचं नाव काढणार नाहीत.

कारवारची जमेची बाजू म्हणजे घरच्यांना तिथून परस्पर घरी जाता येतं. मी आमच्या ओळखीच्या सगळ्यांना हेच सांगतो: जाताना वारा पाठीशी, तेव्हा घरच्यांना बोटीवर घ्या. एकानं गाडी घेऊन खानापूर-दांडेली-जोयडावरून अणशी घाट उतरून कारवारला यावं. मुक्काम झाला की बायका-मुलं गाडीनं वर जातील आणि बोट तुम्ही दोघं भाऊ परत न्याल. अणशीचा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, तो उजेडातच उतरा आणि चढा.

मोरमुगाव ते कारवार सुमारे 40 सागरी मैल आहेत. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच सागरी मैलांच्या वेगानं आठ तास होतात, पण हे गणित कागदावरचं. मधले मंदावलेले तास धरले तर दहाही लागतात आणि मग तुम्ही अंधारात कारवारच्या खाडीत पोहोचता. ते टाळायचंच. म्हणून सफर दोन टप्प्यांत करा. पहिल्या दिवशी दोना पावलाहून पाळोळे, साधारण 30 मैल. पहाटे मतलई वाऱ्यावर निघालात तर काब द रामाचं टोक दुपारनंतर लागेल. त्या टोकापाशी वारा एकदम वाढतो आणि लाटा उलटसुलट होतात, म्हणून तिथं किनाऱ्याला चिकटून जाऊ नका, दीड-दोन मैल बाहेरून वळसा घाला. पाळोळ्याला उत्तरेच्या टोकाशी काणकोणचं छोटं बेट आहे, त्याच्या आडोशाला वायव्येचा वारा बराच कमी लागतो. पर्यटकांच्या होड्यांच्या वाटेतून बाजूला, वाळूच्या तळात नांगर टाकून रात्र काढा. दुसऱ्या दिवशी कारवार फक्त 14-15 मैल उरतं, जेवायच्या वेळेपर्यंत पोहोचता.

पाठीशी वारा म्हणजे सगळं सोपं असं मात्र नाही. बोट मागून येणाऱ्या लाटेवर डोलते, सुकाणू धरणाऱ्याचं लक्ष क्षणभर ढळतं आणि शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झटक्यात फिरतं. शिडाखालचा आडवा बूम तेव्हा डोक्याच्या उंचीवरून जातो. घरची माणसं बोटीवर असताना मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. बूमच्या टोकाला दोर बांधून तो पुढं नेऊन घट्ट करा आणि शीड एका बाजूला अडकवून ठेवा. मुलांना सुकाणूजवळच्या खोलगट जागेत बसवा, वर छतावर नाही. दुपारी वारा 15 नॉटच्या वर गेला तर मोठं शीड गुंडाळून फक्त पुढच्या शिडावर चाला. वेग एखादा नॉट कमी होईल, पण सगळ्यांच्या मनावरचा ताण उतरेल.

उत्तरेकडून येताना पोळे आणि माजाळीचा किनारा डावीकडं ठेवलात की समोर बेटं दिसायला लागतात. बाहेरचं देवगड, त्याच्यावर दीपस्तंभ आहे. आतल्या अंगाला कुर्मगड. डावीकडं काळी नदीच्या उत्तर तीरावर सदाशिवगडची टेकडी, समोर कारवारचा लांब वाळूचा किनारा आणि उजवीकडं, दक्षिणेला, कारवार हेडचा डोंगर. त्या डोंगराच्या उत्तर कुशीत बैतखोल, म्हणजे बंदर. बेटांच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत. पहिल्यांदा जाताना दोन बेटांमधून वाट काढायचा मोह आवरा. डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचा नकाशा जवळ हवाच. फोनवरच्या नकाशावर विसंबून या बेटांमध्ये शिरायचं नाही.

बैतखोल बारमाही बंदर म्हणून ओळखलं जातं आणि ते खरंच आहे. पण ते बारमाही आहे ते पावसाळ्यातल्या नैऋत्येच्या वाऱ्यामुळे. कारवार हेडचा डोंगर तो वारा अडवतो. तुम्ही जाणार हिवाळ्यात आणि हिवाळ्यातला दुपारचा वारा वायव्येचा. त्या बाजूला खाडी बरीचशी उघडी आहे, बेटं थोडीफार लाट मोडतात इतकंच. म्हणून दुपारी दोन ते सूर्यास्तापर्यंत बैतखोलात बोट चांगलीच हलते. नवीन माणूस घाबरतो आणि जागा बदलायला जातो. घाबरू नका. अंधार पडला की वारा पडतो, रात्री डोंगराकडून मतलई सुटतो आणि पाणी शांत होतं. दुपारचे चार तास घरच्यांना किनाऱ्यावर पाठवा, बोटीवर एक जण थांबा, रात्री सगळे सुखानं झोपतील.

बोट धक्क्याला लावायचा विचार करू नका. एक धक्का मालवाहू जहाजांचा आहे, दुसरीकडं मासेमारी बंदर. तिथं ट्रॉलर आणि पर्ससीन, म्हणजे मोठ्या जाळ्यांनी मासेमारी करणाऱ्या बोटी एकीला एक लागून उभ्या असतात. पहाटे तीनला आतली बोट निघाली की बाहेरच्या सगळ्या हलतात. तुमची फायबरची बोट त्या लाकडी-लोखंडी गर्दीत चेपून निघेल. नांगरावर उभं राहणं हाच मार्ग. मासेमारी बंदराच्या तोंडापासून आणि जहाजांच्या वाटेपासून बाजूला, किनाऱ्याकडच्या अंगाला, चार ते पाच मीटर पाण्यात जागा बघा.

नांगराचं गणित नीट करा. समजा ओहोटीला तुमच्या खोली मोजायच्या यंत्रावर चार मीटर पाणी दिसतंय. उधाणाला ते दीड-दोन मीटर वाढेल. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून एक मीटर वर आहे. म्हणजे सात मीटर. त्याच्या पाचपट, 35 मीटर साखळी आणि दोर मिळून सोडा. निम्मी तरी साखळी असू दे. तळ मऊ चिखलाचा आहे. त्यात नांगर पकडतो, पण लगेच नाही. टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच बसू द्या, मग इंजिन मागच्या गिअरमध्ये हळूहळू वाढवत ताण द्या. ताण देताना साखळीवर हात ठेवा. साखळी थरथरत असेल तर नांगर घसरतोय, घट्ट ताणून निश्चल राहिली तर बसला. नंतर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एखादा दिव्याचा खांब आणि मागचं झाड. रात्री उठाल तेव्हा तीच रेषा बघा. सकाळी नांगर वर आला की पात्यांना काळपट चिखल चिकटलेला असतो, तो बोटीवर घ्यायच्या आधीच बादलीभर पाण्यानं धुवा. वाळला की निघता निघत नाही.

आता काळी नदी. जाऊ नका. नकाशावर ती फार सुंदर दिसते, आत वळणं, माडांची बनं, आणि मलाही तिचा मोह होतो. पण मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना दुपारची लाट समोरून आली की दांड्यावर फुटणाऱ्या लाटा उभ्या राहतात. आणि आत शिरलात तरी पूल आहेच. राष्ट्रीय महामार्ग 66 वरचा जुना पूल 6-7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर नदीत कोसळला, एक ट्रकही त्याच्याबरोबर गेला, चालकाला मच्छीमारांनी वाचवलं. शेजारचा नवा पूल उभा आहे. डोलकाठी घेऊन त्याच्याखालून जाण्याचा विचारही नको. नदी बघायचीच असेल तर बोट बैतखोलातच राहू द्या आणि सदाशिवगडच्या बाजूनं स्थानिकांची होडी घ्या.

कुर्मगडाबद्दल थोडं जास्त सांगतो. बेटावर नरसिंहाचं देऊळ आहे आणि पौषात, साधारण जानेवारीत, जत्रा भरते. तुम्ही म्हणता त्याच दिवसांत. 21 जानेवारी 2019 ला जत्रेहून परतणारी होडी समुद्रात उलटली आणि 16 माणसं गेली. त्यात हावेरीकडून, घाटमाथ्यावरून आलेली माणसंही होती. होडीत मर्यादेपेक्षा जास्त लोक होते. आपल्यासारखी वरची माणसं समुद्राला तळं समजतात, किनारा दिसतोय म्हणजे सुरक्षित समजतात. त्या होडीतूनही किनारा दिसत होताच. जत्रेला जावंसं वाटणं साहजिक आहे, पण तुमची बोट त्या दिवशी बेटापासून दूर ठेवा, छोट्या होड्यांच्या गर्दीत तिचा अडथळा होतो. आणि तुमच्या बोटीवर किंवा होडीवर, पाच मिनिटांचं अंतर असलं तरी, जाकीट घातल्याशिवाय कुणालाही बसू देऊ नका. मुलांना मुलांच्याच मापाचं जाकीट हवं. मोठ्यांचं जाकीट पाण्यात पडल्यावर मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

नौदलाची जी काळजी तुम्हाला वाटते ती अर्धी बरोबर आहे. आयएनएस कदंब हा तळ 31 मे 2005 ला कार्यरत झाला, नौदलाच्या सीबर्ड या तळ-प्रकल्पाचा तो पहिला टप्पा. तो कारवार हेडच्या दक्षिणेला, अर्गा-बिणग्याच्या बाजूला आहे. अंजदीव बेट प्रशासनानं गोव्याचं, पण तेही नौदलाच्या ताब्यात आहे आणि किनाऱ्याला भरावानं जोडलेलं आहे. तुम्ही उत्तरेकडून येऊन बैतखोलातच वळणार, म्हणजे तळासमोरून जायची वेळच येत नाही. डोंगराला वळसा घालून "जरा बघून येऊ" हे मात्र कधीही करू नका. पुढं कधी गोकर्ण किंवा तदडीला जायचं ठरलं तर बरंच बाहेरून, खोल समुद्रातून जावं लागेल आणि आधी कळवावं लागेल. ड्रोन घरी ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडं गुन्हा आहे. परदेशातून कुणी भेट म्हणून आणलेलं असलं तरी बोटीवर नेऊ नका. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या चॅनेलवर सतत चालू ठेवा आणि कुणी बोलावलं तर बोटीचं नाव, किती माणसं, कुठून कुठं, एवढं शांतपणे सांगा. तटरक्षक दलाचा नंबर 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 सुकाणूजवळ चिकटवून ठेवा.

कागदांचं फार लांबण लावत नाही. बोटीची नोंदणी, विमा, प्रत्येकाचं आधार कार्ड आणि सगळ्यांच्या नावांची यादी चार प्रतींत. राज्याची हद्द ओलांडताय, तेव्हा निघायच्या आधी गोव्यात बंदर कप्तान कार्यालयाला लेखी कळवा आणि कारवारच्या बंदर अधिकाऱ्यालाही तारखा लिहून पाठवा. उत्तराची एक प्रत बोटीवर असू द्या. कारवारला पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे किनाऱ्यावर जाऊन बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस, दोन्हीकडं तोंड दाखवणं. 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोट उभी राहिली की विचारणा होते आणि ती व्हायलाच हवी.

माझ्या मते कारवारचा मुक्काम चांगला होतो की वाईट, हे सगळ्यात जास्त मच्छीमारांवर ठरतं. बंदर त्यांचं आहे. गाबीत, खारवी, हरकंत्र ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथं आहेत आणि 2020 मध्ये बंदराच्या विस्ताराविरुद्ध ती किनाऱ्यावर उतरली होती, कारण रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची जागा जाणार होती. आपण हौसेनं आलेले पाहुणे, हे विसरायचं नाही. आल्या आल्या शेजारच्या बोटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, हाक मारा आणि विचारा, इथं नांगर टाकला तर चालेल का. कोकणी, मराठी, कन्नड, काहीही चालतं. तो जागा दाखवेल, कुठली बोट रात्री कुठून निघणार ते सांगेल आणि त्या रात्री तुमच्या बोटीवर नजरही ठेवेल. वाटेत पाण्यावर प्लास्टिकचे डबे ओळीनं तरंगताना दिसले तर ती जाळ्यांची हद्द आहे, पूर्ण टोक गाठून वळसा घाला. जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर तुमचा दिवस जातो आणि जाळंवाल्या मच्छीमाराचे हजारो रुपये जातात. तशी वेळ आलीच तर पळू नका, थांबा आणि भरपाई द्या.

किनाऱ्यावर दोन दिवस मुलांना कंटाळा येत नाही. टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र नौका उभी केली आहे, आत जाऊन बघता येते. मुलांना बोटीवरून उतरून लगेच युद्धनौकेत शिरायला मिळतं, याचं फार अप्रूप असतं. मुक्काम रविवारी पडेल असं बघा, कारवारचा आठवडी बाजार रविवारचा. ताजी भाजी आणि फळं तिथंच भरून घ्या. डिझेल कॅनमधून पंपावरून आणावं लागेल, रिक्षा मिळते. पिण्याचं पाणी 20 लिटरच्या बाटल्यांनी घ्या.

परतीचं नियोजन येतानाच्या उलट्या घड्याळानं करा. घरच्यांना आदल्या दिवशी सकाळी गाडीनं पाठवा. पहाटे चारला उठा, नांगर काढा, पण बेटं ओलांडायला फटफटू द्या. मतलई वारा डोंगराकडून येतो, तो तुम्हाला आडवा मिळेल आणि शिडाला तोच सगळ्यात चांगला. तो मरेपर्यंत शक्य तितकं उत्तरेला सरका, मग मधल्या शांत वेळेत इंजिन लावा आणि खारा वारा भरायच्या आत पाळोळे गाठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, काब द रामाचं टोक सकाळी दहाच्या आत मागं पडलं पाहिजे. इंजिनासाठी डिझेल दोन्ही दिवस पूर्ण अंतर नुसत्या इंजिनावर करता येईल इतकं असू द्या, वर तिसरा हिस्सा राखीव.

निघायच्या आधी तीन दिवस हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा. डिसेंबर-जानेवारी शांत असतो, पण अरबी समुद्रात नोव्हेंबरमध्येही वादळं झाली आहेत, 11 नोव्हेंबर 2009 चं फयान कोकणानं बघितलं आहे. दूरवर कमी दाबाचा पट्टा दिसला किंवा लाटांची उंची दीड मीटरच्या वर सांगितली असेल तर घरच्यांना घेऊन निघू नका, आठवडाभर पुढं ढकला. त्या आठवड्यात तुम्ही दोघांनीच पाळोळ्यापर्यंत जाऊन, नांगर टाकून, रात्र काढून या. काब द रामाला वळसा कसा घालायचा आणि चालत्या बोटीवर बूम कसा बांधायचा, हे दोघांच्या हाताला बसलं की मग मुलांना घ्या.